क्वार्टरबॅक चाचपडतो तेव्हा कोच त्याला नेमकं काय शिकवत असतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, की तुम्ही शार्लटला राहता, मुलाबरोबर कॅरोलिना पँथर्स या अमेरिकन फुटबॉल टीमच्या मॅच बघता, २०२४ मध्ये त्यांच्या क्वार्टरबॅकला, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्या ब्राइस यंगला दोनच मॅचनंतर बाकावर बसवलं तेव्हा मुलगा खूप हिरमुसला होता, आता तो स्वतः नववीत क्वार्टरबॅक खेळतोय आणि चार मॅचनंतर त्याच्याही कोचने त्याला बसवलंय. तर असं बसवल्याने पोरगं सुधारतं की कायमचं खचतं, आणि मुळात क्वार्टरबॅक चाचपडत असेल तर दोष त्याचा की कोचचा.

मी ओहायोमधल्या एका हायस्कूलला १९ वर्षं क्वार्टरबॅकचा असिस्टंट कोच आहे. दिवसा नोकरी, ऑगस्ट ते नोव्हेंबर संध्याकाळी मैदान आणि शनिवारी सकाळी मॅचची फिल्म बघणं. एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, कोचिंग रूममध्ये मी कधी बसलेलो नाही, पण चौदा ते अठरा वयाची पोरं या जागेवर घडताना आणि बिघडताना भरपूर पाहिली आहेत, काही माझ्या हातून बिघडली आहेत, त्यामुळे उत्तर जरा मोठं होणार.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. चाचपडणारा क्वार्टरबॅक शिकायचा थांबला आहे असं लोकांना वाटतं, पण तसं नसतं. तो रोज शिकतच असतो, प्रत्येक स्नॅपला, म्हणजे बॉल त्याच्या हातात देऊन खेळ सुरू होतो तेव्हा, शिकतो, फक्त जे शिकतोय ते आपल्याला हवं असलेलं नसतं. कोचने त्याला कुठल्या लाइनच्या, म्हणजे त्याला राखणाऱ्या मोठ्या पोरांच्या, मागे उभं केलं, कुठला प्ले (ठरवलेली चाल) दिला, चुकल्यावर काय म्हटलं, कोणासमोर म्हटलं, कधी बसवलं आणि परत कधी आणलं, या सगळ्यातून त्याचं शरीर काहीतरी शिकतं. म्हणून "डेव्हलपमेंट नंतर बघू, आधी मॅच जिंकू" असं कोणी म्हणालं की मला राग येतो, कारण नंतर असं काही नसतंच, डेव्हलपमेंट आत्ता चालू आहे, चांगली किंवा वाईट.

स्नॅप झाल्यापासून बॉल हातातून सुटेपर्यंत साधारण अडीच सेकंद मिळतात. तेवढ्यात पाय मागे टाकायचे, सेफ्टी (सगळ्यात मागचा बचाववाला) कुठे सरकतोय ते बघायचं, पहिला रिसीव्हर (बॉल पकडणारा) मोकळा नसेल तर दुसरा, मग तिसरा, आणि हे करताना समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं अंगावर येत असतात. इथे विचार करायला वेळच नाही, जे सवयीचं झालंय तेच होतं. आता या मुलाला सारखा मार पडायला लागला की पहिली बिघडते ती नजर. नजर लांब मैदानात असायला हवी ती खाली येते, अंगावर येणाऱ्यांना शोधायला लागते. मग पाय बिघडतात, मागचा पाय टेकला की बॉल सुटायला हवा तिथे हा अजून दोनदा जागच्या जागी नाचतो कारण त्याने रिसीव्हर बघितलेलाच नसतो. आणि शेवटी असं होतं की पॉकेट, म्हणजे लाइनने त्याच्याभोवती राखलेली जागा, एकदम शाबूत आहे, कोणी जवळपास नाही, तरी हा पळत सुटतो.

डेव्हिड कारचं उदाहरण या बाबतीत जुनं आहे पण अजून त्याच्याएवढं स्पष्ट दुसरं नाही. २००२ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्स ही नवीकोरी टीम, ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजातले खेळाडू निवडतात तिथे, पहिल्या नंबरला त्याला घेतलं आणि पहिल्या मॅचपासून उभं केलं. त्या एका सीझनमध्ये त्याला ७६ वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे बॉल टाकायच्या आत पाडलं, हा एनएफएलचा विक्रम अजून तुटलेला नाही. २००५ मध्ये परत ६८. नवीन टीम होती, लाइन नव्हती, हे सगळं खरं, पण मग त्याला त्या लाइनच्या मागे पहिल्याच दिवशी उभं करायचा निर्णय कोणीतरी घेतलाच ना. त्या पोराचा हात उत्तम होता. टेक्सन्सने पाच वर्षांनी त्याला सोडलं आणि कुठल्याच टीमचा पक्का क्वार्टरबॅक तो परत झाला नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो, कारण वरचं सगळं मी पुस्तकात वाचून नाही शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्याकडे दहावीतला एक मुलगा होता, काय सुंदर हात, मनगटाच्या एका झटक्यात बॉल साइडलाइनला. सीझनच्या सुरुवातीलाच आमच्या लाइनमधली दोन मोठी पोरं जायबंदी झाली. हेड कोचने मला विचारलं की याला थोडे दिवस मागे ठेवू का, आणि मीच आग्रह धरला की नको, मार खाऊनच शिकेल, आपणही असेच शिकलो. सहाव्या मॅचनंतरच्या सोमवारी आम्ही सात विरुद्ध सात खेळत होतो, त्यात लाइन नसतेच, अंगावर कोणी येत नाही, फक्त रिसीव्हर आणि बचाववाले. आणि हा मुलगा स्नॅप घेऊन उजवीकडे पळाला. समोर कोणीच नव्हतं. एकदा नाही, तीन-चार वेळा. मी शिट्टी तोंडात धरून तसाच उभा राहिलो, कारण मला तेव्हा कळलं की सहा आठवड्यांत मी याला हे शिकवलंय. पुढचा अख्खा वसंत आम्ही ते काढायचा प्रयत्न केला, थोडं निघालं, सगळं नाही. बारावीत तो रिसीव्हर म्हणून खेळला आणि मजेत खेळला, पण मी त्याला जाऊन सांगितलं की ते माझं चुकलं. तो म्हणाला कोच, सोडा ते. मला अजून सोडता आलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल की मग बिघडलेला क्वार्टरबॅक दुरुस्त होतो का. होतो, आणि त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे जॅरेड गॉफ. २०१६ च्या ड्राफ्टचा पहिला पिक, लॉस एंजेलिस रॅम्स, हेड कोच जेफ फिशर. गॉफ कॉलेजात कॅलला (कॅलिफोर्निया विद्यापीठ, बर्कली) ज्या पद्धतीने खेळला त्यात हडल, म्हणजे प्लेआधी घोळका करून बोलणं, जवळजवळ नव्हताच, साइडलाइनवरून खुणा यायच्या, शॉटगनमधून, म्हणजे काही पावलं मागे उभं राहून, स्नॅप घ्यायचा, आणि इकडे त्याला सेंटरच्या मागे हात घालून उभं राहायला, हडलमध्ये लांबलचक प्ले बोलायला शिकायचं होतं. सुरुवातीला तो तिसऱ्या नंबरवर होता, मग टीम हरायला लागल्यावर नोव्हेंबरमध्ये त्याला टाकला आत. सात मॅच, सातही हरला, ५ टचडाउन (गुण देणारे पास), ७ इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास), २६ सॅक. डिसेंबरमध्ये फिशरची नोकरी गेली. तेव्हा टीव्हीवर लोक बिनधास्त म्हणत होते की हा फुकट गेलेला पिक आहे.

मग शॉन मॅकव्हे हेड कोच म्हणून आला, वय ३०. पुढच्या सीझनला त्याच गॉफने २८ टचडाउन टाकले आणि इंटरसेप्शन ७ च, आणि पॉइंट्सच्या बाबतीत जी टीम लीगमध्ये सगळ्यात शेवटची होती ती पहिली झाली. एका वर्षात. गॉफचा हात तोच, डोकं तेच. बदललं काय ते बघा. डावीकडे, म्हणजे उजव्या हाताने टाकणाऱ्याच्या पाठीमागे, अँड्र्यू व्हिटवर्थसारखा अनुभवी टॅकल (लाइनच्या टोकाचा खेळाडू) आणला, रिसीव्हर रॉबर्ट वुड्स आला, रिसीव्हर कूपर कप ड्राफ्टमधून आला. आणि प्ले असे दिले की रन आणि पास सुरुवातीला हुबेहूब सारखे दिसतात, रनचं नाटक केलं की लाइनबॅकर (मधले बचाववाले) दोन पावलं पुढे येतात आणि त्यांच्या मागे मधोमध मोठी मोकळी जागा तयार होते, तिथे गॉफने वळून बॉल टाकायचा. पहिलाच बघितलेला रिसीव्हर बऱ्याच वेळा मोकळा. याला काही लोक सोपं करून दिलं म्हणून हिणवतात. अहो, सोपंच करून द्यायचं असतं! सात मॅच मार खाल्लेल्या पोराला आधी हे परत अनुभवायला लागतं की मी पाय टेकला, बघितलं, टाकलं आणि पोचलं. ते शंभर वेळा झालं की नजर आपोआप वर राहते, "नजर वर ठेव" असं ओरडून ती कधीच वर राहत नाही.

पण गॉफची गोष्ट इथे संपत नाही आणि मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एनएफएलमध्ये कोच क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमधल्या रेडिओवर बोलू शकतो, पण प्ले क्लॉकवर (पुढचा स्नॅप घ्यायच्या मुदतीच्या घड्याळावर) १५ सेकंद उरले की तो रेडिओ बंद होतो. रॅम्स काय करायचे, भराभर लाइनवर येऊन उभे राहायचे, म्हणजे रेडिओ बंद व्हायच्या आत मॅकव्हेला समोरचा डिफेन्स दिसायचा आणि तो गॉफच्या कानात सांगायचा. नियमात बसणारं आहे, हुशारीचं आहे. पण फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम मॅचमध्ये, पेट्रियट्सनी, जे त्या वर्षी माणसाला माणूस लावून खेळायचे, जास्तीत जास्त झोन, म्हणजे माणसाऐवजी जागा राखून, खेळून चित्रच बदलून टाकलं, आणि जे कानात ऐकलंय ते आणि डोळ्यासमोर जे आहे ते जुळेना. रॅम्स १३-३ ने हरले, चार सॅक, एकही टचडाउन नाही. आधार दिला पाहिजे, पण तो हळूहळू काढून घ्यायचाही असतो, सायकल शिकवताना मागचा हात सोडतो ना आपण, तसा. तो हात सोडायचं काम रॅम्समध्ये पूर्ण झालं नाही असं माझं मत आहे. पुढे दोघांचं फाटलं, २०२१ ला गॉफला डिट्रॉइटला पाठवून त्याच्या बदल्यात त्यांचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला.

डिट्रॉइटला पहिलं वर्ष भयानक गेलं. त्याच सीझनच्या मध्यात हेड कोच डॅन कॅम्पबेलने प्ले द्यायचं काम कोऑर्डिनेटरकडून, म्हणजे ऑफेन्स (आक्रमण) आखणाऱ्या कोचकडून, स्वतःकडे घेतलं, बेन जॉन्सनला पासिंगमध्ये जास्त सामील केलं, आणि २०२२ ला जॉन्सनच कोऑर्डिनेटर झाला. त्याने गॉफला जे आवडतं, जे त्याला दिसतं, त्यावर ऑफेन्स बांधला, त्याचं मत विचारून बांधला. २०२४ ला लायन्स, म्हणजे डिट्रॉइटची टीम, १५-२ (१५ जिंकल्या, २ हरल्या). आता तो लाइनवर उभा राहून स्वतः प्ले बदलताना बघा आणि २०१६ चे त्याचे डोळे आठवा.

दुसरा निर्णय जो बाहेरून कोणाला दिसत नाही तो म्हणजे भाषा बदलण्याचा. अ‍ॅलेक्स स्मिथ, २००५ चा पहिला पिक, फॉर्टी नायनर्स. पहिल्या वर्षी कोऑर्डिनेटर माइक मॅकार्थी, दुसऱ्या वर्षी नॉर्व टर्नर, तिसऱ्या वर्षी जिम हॉस्टलर, मग माइक मार्ट्झ, मग जिमी रे. पाच वर्षांत पाच. आता कोऑर्डिनेटर बदलला म्हणजे नुसता माणूस नाही बदलत. मॅकार्थीच्या घराण्यात, म्हणजे वेस्ट कोस्टमध्ये, प्ले शब्दांनी बोलतात, लांबलचक. टर्नरच्या घराण्यात, म्हणजे कोर्येलमध्ये, रिसीव्हरच्या वाटांना आकडे असतात. तोच रूट, तीच वाट, पण नाव वेगळं, पावलांचा ताल वेगळा, पहिलं कोणाकडे बघायचं तेही वेगळं. मराठी मीडियमच्या पोराला एका वर्षी इंग्लिश मीडियमला घातलं, पुढच्या वर्षी तिथून काढून तिसऱ्याच भाषेच्या शाळेत, आणि दरवर्षी वर म्हणायचं की गणितात मार्क का कमी पडले, तसं आहे हे. त्याला गणित येत असतं हो, प्रश्नच वाचायला वेळ लागतो. आणि आधीच सांगितलं की वेळ अडीच सेकंद आहे.

पहिल्या वर्षी स्मिथचा १ टचडाउन आणि ११ इंटरसेप्शन होते. टर्नरबरोबर १६ आणि १६ झाले, म्हणजे गाडी रुळावर येत होती, आणि टर्नर सॅन डिएगोचा हेड कोच होऊन गेला. तिसऱ्या वर्षी खांदा गेला, त्या दुखापतीवरून हेड कोच आणि त्याच्यात जाहीर तणातणी झाली, म्हणजे दुखतंय म्हणणाऱ्या पोराच्या दमाबद्दलच शंका. मग २०११ ला जिम हार्बॉ आला, जो स्वतः वर्षानुवर्षं एनएफएलमध्ये क्वार्टरबॅक खेळलेला. त्या उन्हाळ्यात लीगचा लॉकआउट होता, कोचना खेळाडूंशी बोलायची बंदी होती, तर स्मिथने काय केलं, त्याचा तेव्हा टीमशी करारसुद्धा नव्हता, तरी हार्बॉचं प्लेबुक घेऊन स्वतः खेळाडू जमवून सराव घेतला. सीझन १३-३, सोळा मॅचमध्ये फक्त ५ इंटरसेप्शन. सहा वर्षं लोक त्याला फेल गेलेला म्हणत होते.

म्हणून मी आमच्या हायस्कूलमध्ये एक भांडण दरवर्षी भांडतो. नववीच्या टीमचा, ज्युनियर व्हर्सिटीचा (मधल्या टीमचा) आणि मोठ्या टीमचा प्लेबुक लहान-मोठा असू दे, पण शब्द तेच पाहिजेत. "स्टिक" नावाचा प्ले म्हणजे तिन्हीकडे स्टिकच. एवढ्या साध्या गोष्टीने पोराची दोन वर्षं वाचतात, आणि तरी कोणीतरी नवीन कोच येतो आणि स्वतःचे शब्द आणतो.

आता बसवण्याबद्दल, जो तुमचा खरा प्रश्न आहे.

बाकावर बसून काहीतरी आपोआप मुरतं, लोणच्यासारखं, असा एक समज आहे आणि त्याला कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक महोम्सचं उदाहरण देतात. २०१७ ला तो दहाव्या नंबरला ड्राफ्ट झाला, वर्षभर याच अ‍ॅलेक्स स्मिथच्या मागे बसला, शेवटची एक मॅच खेळला, आणि पुढच्या वर्षी ५० टचडाउन. बरोबर आहे, पण तिथे काय काय होतं ते बघा. समोर रोज नीट तयारी करणारा स्मिथ, जो त्या वर्षी स्वतः लीगमध्ये पासर रेटिंगला (पासिंगच्या गुणांकाला) पहिला होता आणि तरी पोरापासून काही लपवून ठेवत नव्हता. वर हेड कोच अँडी रीड, ज्याची खुर्ची पक्की होती, त्यामुळे भाषा बदलणार नाही हे ठरलेलं. आणि महोम्स बसला तो चाचपडला म्हणून नाही, ठरवून बसवला होता. ज्याला मॅच खेळवून मग अपयशी म्हणून काढलंय त्याचं बसणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. शिवाय एकदा बसलं की सरावात पहिल्या टीमचे रेप्स, म्हणजे प्ले चालवायच्या पाळ्या, जातात. मागचा क्वार्टरबॅक बऱ्याचदा पुढच्या आठवड्यातल्या विरोधी टीमचे प्ले कार्डावर बघून चालवत असतो, स्वतःचे नाही. म्हणजे काही योजना केली नाही तर बसलेलं पोरगं काहीच मुरत नाही, गंजतं.

ब्राइस यंगचं मात्र मी जरा वेगळं मत सांगतो, तुमच्या मुलाला पटेल की नाही माहीत नाही. त्याला २०२४ ला बसवलं ते माझ्या मते बरोबर होतं. चूक २०२३ ला झाली होती आणि ती फार मोठी होती. त्याला पहिल्या नंबरला घ्यायला पँथर्सनी शिकागोला पिक तर दिलेच, वर डीजे मूर दिला, म्हणजे ज्याच्याकडे फेकायचं तो माणूसच देऊन टाकला. मग हेड कोच फ्रँक राइक प्ले देणार, मग सहा मॅच हरल्यावर कोऑर्डिनेटर थॉमस ब्राऊन देणार, तीन मॅच झाल्या की परत राइक देणार, मग ११ मॅचनंतर राइकलाच काढलं, आणि त्याच दिवशी क्वार्टरबॅक कोच जॉश मकाउनलाही काढलं. विचार करा, २२ वर्षांचा पोरगा, एका सीझनमध्ये कानातला आवाज किती वेळा बदलला. ६२ सॅक. टीम २-१५.

२०२४ ला हेड कोच म्हणून डेव्ह कनालेस आला, ज्याने सिअ‍ॅटलला जीनो स्मिथबरोबर आणि टँपाला बेकर मेफील्डबरोबर काम केलं होतं, म्हणजे दोन टाकून दिलेले क्वार्टरबॅक उभे राहताना जवळून पाहिलेला माणूस. रॉबर्ट हंट आणि डेमियन लुइस असे दोन तगडे गार्ड (लाइनच्या मधले खेळाडू) घेतले, जे महत्त्वाचं होतं कारण यंग उंचीने कमी आहे, त्याला मधोमध लाइन मागे ढकलली गेलेली चालत नाही, त्याला समोरचं दिसतच नाही मग. तरी पहिल्या दोन मॅच ४७-१० आणि २६-३ ने गेल्या. तुम्ही परत त्या दोन मॅच काढून बघा, स्कोअर बघू नका, त्याचे पाय बघा. जुनं सगळं अजून अंगात होतं, नवे गार्ड असूनही तो २०२३ च्या लाइनच्या मागेच उभा होता. अशा वेळी खेळवत राहणं म्हणजे मी माझ्या त्या दहावीतल्या खेळाडूबरोबर केलं तेच.

बसवलं, राखीव क्वार्टरबॅक अँडी डाल्टन पाच मॅच खेळला, आणि यंगने बाजूला उभं राहून तोच ऑफेन्स, त्याच शब्दांत, दुसऱ्या कोणाला तरी वेळेवर चालवताना बघितला. ही गोष्ट फार मोठी आहे, कारण त्याला कळलं की प्ले चालतात, बॉल वेळेवर सुटला तर चालतात. मग डाल्टनच्या अंगठ्याला गाडीच्या अपघातात मार लागला आणि यंग परत आला, हे काही कोचने ठरवलेलं नव्हतं, तो योगायोग होता, आणि तो झाला नसता तर आज मी हे लिहिलं असतं का शंका आहे. पण आल्यावर त्याला परत काढला नाही, हा कनालेसचा निर्णय. डेन्व्हरला हरला तरी पुढच्या आठवड्यात तोच. शेवटच्या दहा मॅचमध्ये १५ टचडाउन आणि ६ इंटरसेप्शन, आणि शेवटची अटलांटाविरुद्धची ४४-३८ ची ओव्हरटाइम मॅच तर तुमच्या मुलाला पाठ असेल.

याच्या उलट त्याच वर्षी इंडियानापोलिसला अँथनी रिचर्डसन. कॉलेजात फक्त १३ मॅच सुरुवातीपासून खेळलेला मुलगा, म्हणजे ज्याला रेप्सचीच भूक आहे. त्याला बसवून ३९ वर्षांच्या जो फ्लॅकोला आणलं आणि दोन मॅचनंतर फ्लॅकोला बसवून परत याला आणलं. दोन आठवड्यांत कोणाचे पाय सुधारतात? त्या दोन आठवड्यांतून पोरगं एकच गोष्ट शिकतं की माझी जागा दर रविवारी हलते, आणि मग प्रत्येक थ्रो टाकताना डोक्याचा एक कोपरा साइडलाइनकडे असतो.

बोलण्याचं पण तेच. सॅम डार्नोल्ड जेट्सला असताना २०१९ ला पेट्रियट्सविरुद्ध ३३-० ने हरले, चार इंटरसेप्शन, आणि बाकावर बसून तो म्हणाला की मला भुतं दिसतायत. त्याच्या अंगावर त्या दिवशी माइक लावलेला होता आणि ते वाक्य टीव्हीवर देशभर गेलं. लोक अजून त्याच्यावर मीम करतात. मला त्या वाक्यात खोट दिसत नाही, २२ वर्षांच्या मुलाने आपल्या कोचला अगदी खरं आणि नेमकं सांगितलं की मला नसलेले डिफेंडर दिसतायत. माझ्याकडे एखाद्याने असं येऊन सांगितलं तर मी त्याला मिठी मारेन, कारण यावर काम करता येतं! पण ते वाक्य त्याच्या आणि कोचच्या मध्ये राहायला हवं होतं. पाच वर्षांनी, सॅन फ्रान्सिस्कोला एक वर्ष शांतपणे मागे बसून झाल्यावर, मिनेसोटाला केव्हिन ओकॉनेलकडे त्याने ३५ टचडाउन टाकले, टीम १४-३. ओकॉनेल जाहीरपणे म्हणतो की तरुण क्वार्टरबॅक संघटनेला फेल करायच्या आधी संघटना त्यांना फेल करते. आणि तरी त्या सीझनच्या प्लेऑफमध्ये रॅम्सनी डार्नोल्डला ९ वेळा सॅक केलं तेव्हा जुनी सवय, बॉल धरून ठेवायची, लगेच वर आली. लहानपणी अंगात गेलेलं झाकलं जातं, पूर्ण पुसलं जात नाही. म्हणूनच मला नववी-दहावीची एवढी काळजी वाटते.

सगळा दोष कोचचा असं मी म्हणत नाही हं. जमार्कस रसेल २००७ चा पहिला पिक, तीन सीझनमध्ये संपला, तिथे तयारीचा प्रश्न खेळाडूचा स्वतःचा होता. अ‍ॅलेक्स स्मिथने लॉकआउटमध्ये जे केलं ते प्रत्येक जण करत नाही. आणि माझ्याकडेही अशी पोरं आली ज्यांना फिल्म बघायचा कंटाळा होता, त्यांना मी काही करू शकलो नाही.

आता तुमचा मुलगा. चार मॅचनंतर बसवला, एवढ्यावरून कोच वाईट असं धरू नका. तुम्ही भेटायला जायच्या आधी मुलाला स्वतःला जाऊ द्या, नववीत आहे, जमतं त्याला. त्याने "मी का बसलो" हे विचारू नये, "परत यायला मी नेमकं काय सुधारू" हे विचारावं. कोचने "पहिला रिसीव्हर झाकलेला असला की तू थांबतोस, दुसऱ्याकडे लवकर जा" असं काही ठोस सांगितलं तर तुम्ही चांगल्या हातात आहात, बाकी सगळं सोडून द्या. "अजून मेहनत घे" एवढंच उत्तर आलं तर मग तुम्ही जा, आणि भांडायला नको, फक्त विचारा की सरावात त्याला स्वतःच्या ऑफेन्सचे रोज दहा-बारा तरी रेप्स मिळतील का, आणि ज्युनियर टीमबरोबर खेळायची संधी आहे का. बहुतेक कोच यावर हो म्हणतात, त्यांना कोणी विचारलेलंच नसतं.

इंटरसेप्शनवरून घरी काही बोलू नका. आम्ही शनिवारी फिल्मवर मार्क देतो ते निर्णयाला देतो, निकालाला नाही, बरोबर माणसाकडे वेळेवर टाकला आणि त्याच्या हातून उडून दुसऱ्याने पकडला तर त्या मुलाला पूर्ण मार्क, आणि तिघांच्या गर्दीत टाकून नशिबाने टचडाउन झालं तर शून्य. इंटरसेप्शनला ओरडा खाणारा मुलगा इंटरसेप्शन कमी करत नाही, तो बॉलच सोडत नाही, आणि मग सॅक सुरू होतात.

आणि पुढची मॅच किंवा सराव मोबाइलवर घ्याल तेव्हा बॉलच्या मागे कॅमेरा फिरवू नका, सगळे आईबाप तेच करतात. स्टँडमध्ये उंचावर, एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या, बाजूला जाऊन बसा आणि कॅमेरा त्याच्यावरच ठेवा, स्नॅपच्या आधीपासून बॉल सुटून दोन सेकंद होईपर्यंत. मग रात्री दोघं मिळून आवाज बंद करून बघा आणि दोनच गोष्टी मोजा, मागचा पाय टेकल्यावर किती वेळा जास्तीचा नाचला, आणि हेल्मेटची जाळी किती वेळा खाली गेली. आकडा वहीत लिहून ठेवा, दर आठवड्याला, आणि तीन आठवड्यांनी मला कळवा.